पालथ्या वाटीखाली काय?

होडी बुडाली होती, आणि चूक कुणाचीच सापडत नव्हती. म्हणून सुभान नावाड्याला पकडून दरबारात उभं केलं.

झालं होतं असं. तळ्यातल्या बेटावर महाराज भूपतरावांची आंब्यांची मेजवानी होती. होडी पेलणार चाळीस मण. महाराज, त्यांचं सिंहासन आणि चवरी ढाळणारे दोघे मिळून दहा मण. आंब्यांचा एकेक पेटारा तीन मणांचा. महाराजांनी प्रधानजींना विचारलं, "किती चढवायचे?" प्रधानजींनी हिशेब केला आणि म्हणाले, "तीस." सरदारांनी ते ऐकलं आणि तीस पेटारे चढवले. सुभान म्हणाला, "महाराज, हे होडीला झेपायचं नाही." पण हे अख्खं वाक्य झालं, आणि त्या दरबारात वाक्यं कुणी ऐकत नसे. महाराजांना लांबण आवडत नसल्यामुळे विचारल्याचं उत्तर नुसत्या आकड्यात द्यायचा रिवाज होता. सुभानला रिवाज ठाऊक नव्हता.

होडी काठापाशीच बसली. बुडालं कुणी नाही, पण महाराजांचं पागोटं बराच वेळ तरंगत राहिलं, आणि आंबे तळ्याच्या तळाशी गेले.

"प्रधानजी, तुमचा आकडा?" महाराजांनी विचारलं.

"तीस."

"सरदार, चढवले किती?"

"तीस."

"दोघांचं जुळतंय. मग होडीच खोटी. सुभान, होडी बाहेर काढलीच आहे, तर उद्या पुन्हा तेच तीस पलीकडे ने. बुडाली तर तिची लाकडं मुदपाकखान्यात जातील, आणि तू या तळ्यावर दिसायचं नाहीस."

सुभानच्या घरात होडीखेरीज दुसरं काही कमावणारं नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "नेऊ की, महाराज."

सुभानची बायको भिवरा. कडेवर बाळ, आणि बाळाच्या तोंडात तिच्या गळ्यातली पोत.

"अगं, काय बोलतेस?" सुभान कुजबुजला.

"ते मलाही नीट कळलेलं नाही," ती तितक्याच हळू म्हणाली. "पण आता बोलून गेले."

भिवराचा स्वभावच काळजीचा. बाळ शिंकलं तरी ती दोनदा उठून बघायची. मागच्या महिन्यात बाजाराला जाताना तिने सासूला सांगितलं होतं, "दोनाहून जास्त देऊ नका हं." तिच्या मनात होते पेजेचे चमचे. सासूबाईंच्या हाताशी होती केळी. दोनाहून जास्त त्यांनी खरोखरच दिली नाहीत. बाळ मात्र दिवसभर पोट धरून रडलं. तेव्हापासून भिवरा आधी वस्तूचं नाव घ्यायची आणि मग आकडा सांगायची. सासूबाई म्हणायच्या, सुनेला वेड लागलंय. भिवरालाही अधूनमधून तसंच वाटायचं.

"कशी नेणार?" महाराज म्हणाले.

"सांगते. पण आपण सकाळपासून उपाशी आहात. आधी मला ताट वाढू द्या."

महाराजांना भूक लागलीच होती. रस तळ्यात गेला असला तरी पुऱ्या तयार होत्या. भिवराने बाळ सुभानकडे दिलं, पदर खोचला आणि विचारलं, "किती वाढू, महाराज?"

"पाचाहून कमी नकोत, आठाहून जास्त नकोत."

भिवरा आत गेली आणि ताट घेऊन आली. भल्यामोठ्या चांदीच्या ताटात एक रिकामी वाटी आणि भाताची सहा शितं होती.

महाराज ताटाकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"पाचाहून कमी नाहीत आणि आठाहून जास्त नाहीत. मोजून घ्या."

"अगं बाई, मी पुऱ्या म्हणत होतो!"

"मनात म्हणत होता, महाराज. प्रधानजीही मनातच म्हणाले."

प्रधानजी दचकले. "माझं काय मध्येच? माझा हिशेब चोख होता. चाळिसातून दहा वजा केले."

"चोखच होता. पण उरले ते तीस काय?"

"मण," प्रधानजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला.

सरदार खांबावरचं नक्षीकाम निरखू लागले.

भिवराने ताटातली वाटी उचलून पालथी घातली. "महाराज, या वाटीखाली एक आकडा आहे. तो मलाही ठाऊक नाही. पण तो कशाचा आहे ते आधी ठरवून टाकते. वाटीखाली आहे पेटाऱ्यांची संख्या. वजन नाही, माणसं नाहीत, आंबेही नाहीत. एक पेटारा तीन मणांचा. म्हणजे वाटीखालच्या आकड्याची तिप्पट केली की पेटाऱ्यांचं वजन मिळेल. त्यात आपले दहा मण घालायचे. सगळं मिळून चाळीस मणांच्या वर जाता कामा नये. मग वाटीखाली जास्तीत जास्त किती?"

महाराजांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली. "दहा. किंवा त्याहून कमी."

"दहा काय?" भिवराने विचारलं.

"दहा पेटारे," महाराज निमूटपणे म्हणाले.

"म्हणजेच तीस मण. आपला हुकूम तीसचा होता. उद्या दहा पेटारे घालून तेच तीस पलीकडे नेते."

महाराजांनी शितांकडे पाहिलं, प्रधानजींकडे पाहिलं. मग त्यांना पाण्यावरचं आपलं पागोटं आठवलं असावं, कारण ते खांदे गदगदा हलवून हसायला लागले. दरबारही हसला. सरदार सगळ्यात शेवटी हसले.

"सुभान, होडी तुझी. बाई, तुला काय हवं ते माग."

"पाचाहून कमी नकोत, महाराज."

"दि..." महाराज म्हणाले आणि थांबले. त्यांनी डोळे बारीक केले. "पाच काय?"

महाराजांनी आकड्यावर प्रश्न विचारलेला दरबाराने पहिल्यांदाच ऐकला.

"पेटारे, महाराज. आंब्यांचे. सासूबाईंना रस फार आवडतो."

"पाच कशाला, दहा घेऊन जा!"

भिवराने बाळाला कडेवर घेतलं आणि वाटीकडे बघत मनाशी काहीतरी पुटपुटली.

"आठ पुरेत," ती म्हणाली. "होडीत सासूबाईही असणार आहेत."

महाराज इतके हसले की ताटातली शितं उडाली. मग डोळे पुसत ते म्हणाले, "आता पुऱ्या आणा. पुऱ्या! सात!"