पालथे पेले

फार जुन्या काळची गोष्ट. लोक तेव्हा बैलगाडीने गावोगाव जात, आणि घाट गाठायच्या आधी एक मोठं माळरान तुडवावं लागे. त्या माळावर ना झाड, ना झुडूप. मधोमध एकच खाणावळ होती, हैबतीची.

हैबतीला आपल्या ताकाचा भारी अभिमान. पिठलं-भाकरी काय, कुणीही करील, असं तो म्हणे. गिऱ्हाईक टेकलं की आधी ताकाचा पेला, आणि पेला रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरायचा. ज्याला नको असेल त्याने पेला पालथा घालावा, हा तिथला रिवाज होता.

पुरुष पेल्यावर पेले रिचवत. बायका मात्र आल्या आल्या पेला पालथा घालत. हे हैबतीला फार लागे. त्याने ताकात आलं वाढवलं, कोथिंबीर घातली, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन पाहिली. पेले पालथेच. बायकांना चव कळत नाही, असं म्हणून तो मनातल्या मनात धुसफुसायचा.

खाणावळीमागे संडास होता, पण त्याला कुलूप असे. तो घरच्यांपुरता. कुणी भीतभीत विचारलंच, तर हैबती म्हणे की, एकीला उघडून दिलं तर रांग लागेल, आणि एवढं माळरान पडलंय की. पुढे पुढे बायकांनी विचारणंच सोडलं. माणूस वाईट नव्हता हो. त्याच्यावर ती वेळ कधी आली नव्हती, एवढंच.

एकदा भर उन्हाळ्यात एक म्हातारी आपल्या लेकीला बाळंतपणासाठी माहेरी घेऊन चालली होती. पोरीचे दिवस भरत आलेले, ओठ सुकलेले. हैबतीने मायेने तांब्या पुढे केला. पोरीने ताकाकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि पेला पालथा घातला. हैबती रागारागाने आत निघून गेला.

चार घास खाऊन गाडीत चढताना पोरीला भोवळ आली आणि ती चाकापाशीच कोसळली. हैबती पाण्याचा तांब्या आणि ताकाचा पेला घेऊन धावला. तोंडावर पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले, पण ओठांशी पेला नेताच तोंड घट्ट मिटून घेतलं. तहानेने जीव जायची पाळी आली तरी ही पिईना. हैबती रडकुंडीला आला.

"आई, तुम्ही तरी सांगा हिला. इतकं का वाईट आहे माझं ताक?"

म्हातारी म्हणाली, "ताक चांगलंच आसंल रे लेकरा. पण पिऊन तिनं जायचं कुठं?"

हैबतीने माळाकडे पाहिलं. नजर जाईल तिथवर सगळं उघडं, आणि चहूकडे गाडीवान बसलेले. आजवरचे सगळे पालथे पेले त्याच्या डोळ्यांपुढे आले. या बायका ताकाला नावं ठेवत नव्हत्या, तहान मारून वाट चालत होत्या. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि पाण्याने भरलेली घागर आत नेऊन ठेवली.

"आता पाजा तिला," तो म्हातारीला म्हणाला. "खुशाल पाजा."

पोर घटाघटा प्यायली आणि हळूहळू तिच्या जिवात जीव आला.

ते कुलूप हैबतीने विहिरीत टाकलं. बायकांसाठी आतून कडी असलेला वेगळा संडास बांधला. मग पंचांकडे जाऊन म्हणाला, वाटसरूंसाठी ज्याला चूल पेटवायची असेल, त्याने आधी आडोसा उभा करावा, असा नियम घाला. खर्च वाढेल म्हणून पंचांनी कुरकुर केली. हैबतीने त्यांना चाकापाशी पडलेल्या पोरीची हकिकत सांगितली. नियम झाला.

पावसाळा सरल्यावर तीच पोर तान्हं बाळ घेऊन सासरी निघाली. हैबतीने तिचा पेला भरला, तिने तो संपवला. त्याने पुन्हा भरला, तिने तोही संपवला. मग रिकामा पेला पालथा न घालता तिने हसून पुढे सरकवला, आणि हैबतीला डोळे पुसायला तोंड फिरवावं लागलं.

तात्पर्य : जो दुसऱ्याला खाऊपिऊ घालतो, त्याने त्याच्या पुढच्या गरजेचीही सोय करावी, नाहीतर ते आदरातिथ्य अर्धंच राहतं.