साळूची मोडलेली चूल

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात, एक साळू आपल्या नवऱ्यासोबत राहत असे. मुलांनो, साळूच्या अंगावर लांब लांब काटे असतात, आणि तिला राग आला की ते उभे राहून एकमेकांवर आपटतात, खुळखुळतात. या साळूचे काटे मात्र वर्षानुवर्षे कुणी खुळखुळताना ऐकले नव्हते. ती शांत होती, आणि शांत म्हणूनच तिला कुणी काही विचारत नसे.

तिच्या बिळात एक चूल होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी ओढ्याची चिकणमाती आणि भुसा मळून तिने ती स्वतः घातली होती. तीन वेळा चुलीला तडे गेले, तीन वेळा तिने ती मोडून पुन्हा घातली, तेव्हा कुठे चौथी टिकली. दर थंडीत या चुलीवर कंदांचा दिवस साजरा होई. जंगलातले सगळे प्राणी सकाळीच एकेक कंद घेऊन येत. आपला ओळखू यावा म्हणून कुणी त्यावर दाताची खूण करी, कुणी नखाची, आणि साळू ते सगळे गरम राखेत पुरून ठेवी. ऊन कलले की राखेतून लोण्यासारखे मऊ कंद निघत. म्हाताऱ्या अस्वलीणआजीच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. ती तर त्या दिवसाची वर्षभर वाट पाही.

त्या वर्षी साळू आठ दिवस माहेरी गेली होती. परत आली तेव्हा कंदांच्या दिवसाला एकच दिवस उरला होता. बिळात पाऊल टाकताच ती थबकली. चुलीच्या जागी सारवलेली सपाट जमीन होती. त्यावर काचेचे दार असलेली एक चकचकीत पेटी ठेवलेली होती आणि पेटीवर जास्वंदीचे फूल.

"ओळख पाहू काय आहे," नवरा म्हणाला. तो इतका खूश होता की त्याचे शेपूट हलत होते. "टोस्टर ओव्हन. कोल्ह्याकडून घेतला. माझ्या गळालेल्या काट्यांची एक जुडी दिली फक्त. परवाच वडापर्यंत विजेची तार आली, तिथून इथवर ओढून घेतली. आता तुला धूर नको, फुंकणी नको."

"चूल कुठे आहे?" साळूने विचारले.

"मोडली. पेटीला जागा नको का?"

"अहो, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर गंमत काय राहिली असती?"

साळू मागे वळली. बाहेर गेली. कुंपणापाशी तिच्या चुलीची ढेकळे पडली होती. एका ढेकळावर तिच्या पंजाचे ठसे अजून दिसत होते. तिच्या पाठीवरचा एक काटा हळूच उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत अर्धे जंगल पेटी बघून गेले. माकडीण म्हणाली, "साळूताई, भाग्यवान आहेस गं. आमच्याकडे नवरा केळ्याचं सालसुद्धा उचलत नाही." कोल्हा स्वतः येऊन खटका कसा फिरवायचा ते दाखवून गेला. "वहिनी, दहा मिनिटं लावायची आणि बसून राहायचं. टिंग वाजलं की झालं."

"उद्या कंदांचा दिवस आहे," साळू म्हणाली. "बावीस कंद येतात. हिच्यात किती मावतात?"

"चार. दाबून बसवले तर पाच." कोल्ह्याने नजर वळवली. "पण वहिनी, कुरकुरीत होतात बघा."

"कंद कुरकुरीत नसतो खायचा. मऊ असतो."

"नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतोच," कोल्हा नवऱ्याकडे बघून म्हणाला, आणि नवऱ्याने मान डोलावली. दोघेही अशा समजूतदारपणे हसले की साळूचे आणखी चार काटे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापला कंद घेऊन हजर झाले. साळूने पहिले चार जाळीवर ठेवले. टिंग वाजले. वरून काळे, आतून पांढरे. पुन्हा लावले. पुन्हा टिंग. बाहेर रांग ओढ्यापर्यंत गेली. कोल्हा रांगेत चौदावा होता. आधी तो ऐटीत उभा होता, मग बसला, मग पोट धरून आडवा झाला. ऊन कलले तरी जेमतेम बारा कंद झाले होते. भुकेने कुणाला धीर धरवेना. जे हाती आले ते सगळ्यांनी खाल्ले, उरलेल्यांनी त्यातलेच वाटून घेतले.

आता, कच्चा कंद घशाला खाजतो हे तुम्हाला ठाऊक असेल. थोड्याच वेळात सगळे अंगण खाकरू लागले. माकडीण गळा खाजवत झाडावर चढली आणि खाजवतच खाली आली. ससा जीभ बाहेर काढून ओढ्याकडे धावला.

"साळूताई, हे काय वाढलंस?" माकडीण घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"दरवर्षी किती छान व्हायचे," ससा परत येता येता म्हणाला. "यंदा तुझं लक्ष नव्हतं."

"वहिनींना अजून ती पेटी वापरता येत नाही," कोल्हा घसा साफ करत म्हणाला. "शिकवलं होतं मी."

आणि नवरा, जो पेटीपाशी उभा होता, तो हळूच म्हणाला, "दमली असेल ती. आठ दिवस माहेरी होती ना."

मग अंगणात एक आवाज झाला. वाळलेल्या शेंगा एकदम हलवाव्यात तसा. साळूचे सगळे काटे उभे राहिले होते, आणि ते खुळखुळत होते. तिचा नवरा दोन पावले मागे सरकला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

"लक्ष नव्हतं," साळू म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण ओढ्यापर्यंत ऐकू गेला. "चूल मोडली तेव्हा माझं नाव कुणाला आठवलं नाही. कंद कच्चे राहिले तेव्हा मात्र सगळ्यांना आठवलं. माकडीणबाई, चुलीची ढेकळं बाहेर टाकताना तुम्ही बघितलं होतं ना? समोरच्याच झाडावर राहता."

"बघितलं," माकडीण खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं, तुला आनंद होईल."

"म्हणजे माझा आनंद तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलात. घर माझं, काम माझं, पंजे माझे भाजतात. ठरवायला मात्र मी सोडून सगळे." ती नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, मी दमलेली नाही. मला राग आला आहे. हे दोन वेगळे असतात."

कोल्हा कुंपणाकडे सरकू लागला, पण एक उभा काटा बरोबर त्याच्या नाकासमोर आला आणि तो जागीच बसला.

तेवढ्यात अस्वलीणआजी काठी टेकत पुढे आली. तिचा कंद अजून तिच्याच हातात होता, न भाजलेला. "पोरी," ती म्हणाली, "मी जाऊ का मग घरी?"

साळूने आजीकडे पाहिले. राग तसाच होता, पण तो आजीवर नव्हता. तिने कंद घेतला, साल काढली, पानासारख्या पातळ चकत्या केल्या, थोडे पाणी शिंपडून त्या केळीच्या पानात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवल्या. खटका तिने अगदी मंद आचेवर फिरवला. टिंग वाजले तरी उघडले नाही, पुन्हा लावले. बऱ्याच वेळाने पान सोडले तेव्हा चकत्या बोटाने मोडत होत्या. आजीने एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"म्हणजे पेटी चांगली आहे," नवरा हळूच म्हणाला.

"एका तोंडापुरती चांगली आहे. दोघांची शिळी भाकरीही गरम करील. बावीस जणांची चूल मोडून तिथे बसवायच्या लायकीची नाही. मला विचारलं असतंत, तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

"मग आता?"

"आता माती आणा. भुसा आणा. कोल्हेभावजी, तुम्ही पाणी आणा, ओढा माहीत आहे ना?"

माती सगळ्यांनी तुडवली. नवऱ्याला सर्वांत जास्त तुडवावी लागली. चूल साळूनेच घातली, कारण ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. चूल वाळायला सहा दिवस लागले. तिचे काटे खाली बसायलाही सहाच दिवस लागले. सातव्या दिवशी कंदांचा दिवस पुन्हा झाला. पेटी कोपऱ्यातल्या फळीवर गेली. सकाळची शिळी भाकरी तीत नवराच गरम करी, आणि ती पुसूनही तोच ठेवी.

पुढे एकदा कोल्हा दारात आला. त्याच्या खांद्यावर नवी चकचकीत वस्तू होती. "हे एक यंत्र आहे," तो नवऱ्याच्या कानात कुजबुजला. "पाटा-वरवंट्याची कटकटच संपली. गुपचूप बसवून टाक, वहिनी खूश होतील."

नवऱ्याने यंत्र पाहिले. ते खरोखरच सुंदर होते. मग त्याने आत पाहिले. साळू पाठमोरी बसून मसाला वाटत होती.

"थांब," तो म्हणाला, "आत विचारून येतो."

तो विचारून बाहेर आला तेव्हा दारात कुणीच नव्हते. विचारून येणाऱ्यांच्या घरी कोल्ह्याचा माल खपत नसे.

तात्पर्य : ज्याचे हात रोज एखाद्या कामात भाजतात, त्याला विचारल्याशिवाय त्या कामाची वस्तू बदलू नये; न विचारता दिलेली भेट कितीही चकचकीत असली, तरी घेणाऱ्याला ती मोडतोडच वाटते.