निफाडकर साहेबांना पडलेलं दुसरं मत

अरे, तो मोबाईल ठेव बाजूला आणि ऐक. आज आमच्या बिल्डिंगखाली जे झालं ना, ते ऐकल्याशिवाय तुला चहा मिळणार नाही.

आमचे चेअरमन निफाडकर साहेब. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, पण पाणी सोडायची-तोडायची सवय काही सुटली नाही. टाकीच्या वॉल्वची किल्ली कायम त्यांच्या खिशात. अकरा वर्षं तेच चेअरमन. निवडणूक कशी, तर मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर करायचे आणि साहेब चष्म्यावरून बघत बसणार, कुणाचा हात खाली राहिला ते. मागे एकदा चौथ्या मजल्यावरच्या कुणाचा तरी राहिला. आठ दिवस अख्खा चौथा मजला टॉवेल खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर आंघोळीला जात होता.

यंदा साहेबांनी नवीनच टूम काढली. जिन्याखालचं शेवंतामावशींचं इस्त्रीचं टेबल हटवायचं आणि तिथे कारंजं बसवायचं. नळाला पाणी नाही, आणि कारंजं! मावशी वीस वर्षं त्या जागेवर इस्त्री करतायत, त्यांचं घर त्यावर चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर तांबोळी मॅडम म्हणाल्या, मी उभी राहते, मी निवडून आले तर टेबल राहील. पण साहेबांच्या तोंडावर मॅडमसाठी हात वर कोण करणार? म्हणून मॅडमनी मीटिंगमध्ये मागणी केली की मतं पोस्टाने मागवा. नाहीतरी आठ फ्लॅटचे मालक बाहेरगावीच असतात.

साहेब चिडले नाहीत. उलट पाय हलवत म्हणाले, मागवा की, पण मत खऱ्या सभासदाचंच आहे हे मला कळायला नको? तेव्हा प्रत्येक मतावर नाव आणि सही पाहिजे. मॅडम म्हणाल्या, मग ते गुप्त कसं राहणार?

"तेच तर," साहेब म्हणाले. "नाव असलेलं बिननावाचं मत कसं पाठवायचं, कुणीही सांगा. जमलं तर पोस्टाने. नाही तर हात वर."

बिल्डिंगमध्ये दोन वकील आहेत, तेही छताकडे बघायला लागले. मावशी तेवढ्यात कुणाचे तरी कपडे द्यायला हॉलमध्ये आलेल्या. दारातूनच म्हणाल्या, "एवढंच होय साहेब? माझ्या बोचक्यासारखं करा."

आता तुला सांगते, त्यांच्याकडे प्रत्येक घरातून कपडे जुन्या चादरीत बांधून येतात.

"नंबर असतो तो चादरीवर," मावशी म्हणाल्या. "आतल्या शर्टावर नसतो. मत छोट्या कोऱ्या पाकिटात घालायचं आणि चिकटवायचं. ते मोठ्या पाकिटात टाकायचं, सोबत नाव, फ्लॅट नंबर आणि सहीची चिठ्ठी. मग टाका पोस्टात. आल्यावर मोठं पाकीट फोडा, सही जुळवा, खरा माणूस निघाला की छोटं पाकीट न फोडता माझ्या टोपलीत टाका. सगळी आली की टोपली ढवळा, आणि मग फोडा. वीस वर्षं मी दोन घरांचे पांढरे शर्ट एकमेकांत मिसळू दिले नाहीत. एकदा मिसळले की कुणाचा कुठला, देवालाही सांगता यायचं नाही. तुम्ही मुद्दाम मिसळा."

साहेबांनी शब्द दिलेला, तोही भर मीटिंगमध्ये. करतात काय!

पाकिटं फोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भाडेकरू, मला मतच नाही. परवा मोजणी झाली, एकूण चौतीस आलेली. पहिल्या मजल्यावरच्या सबनीस काकांचं बाद झालं. बँकेत आयुष्य गेलेलं, सही केल्याशिवाय कागद हातातून सोडवत नाही त्यांना. मतपत्रिकेवरच झोकात सही ठोकलेली! बाकी हिशेब सरळ. तांबोळी मॅडम एकतीस. निफाडकर साहेब दोन.

आणि आज सकाळी मी कुर्ते घ्यायला खाली गेले, तर साहेब मावशींच्या टेबलाशी उभे. डोळे लाल. झोप लागली नव्हती म्हणे. दोनातलं एक मत त्यांचं स्वतःचं. मग दुसरं कुणाचं? कारण निकालापासून एकोणीस जण, त्यांना एकटं गाठून, कानाशी येऊन सांगून गेलेत की साहेब, ते दुसरं मत माझंच. कुणी लिफ्टमध्ये, कुणी पार्किंगमध्ये, एक जण तर पेढे घेऊन. आणि घरात त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्याही तेच म्हणतायत. शेजारचा फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, म्हणजे मत त्यांनाही आहेच.

"युक्ती तुमची, तर ती उलटी फिरवायलाही तुम्हाला येत असणार," साहेब म्हणाले. "तो एक खरा माणूस मला शोधून द्या. रविवारी मॅडमकडे कारभार जाईपर्यंत सोसायटीचा शिक्का माझ्याकडे आहे. दिलात, तर टेबलाचं परवानगीपत्र आत्ता देतो. नाही दिलात, तर टेबल आजच रस्त्यावर."

मी म्हटलं, गेलं टेबल. टोपलीत ढवळलेलं मत आता कोण शोधणार?

मावशींनी इस्त्री उभी केली, हात पुसले.

"शोधते की साहेब. त्यात काय? वीस जण आहेत, एकेकाला खोटं पाडत जायचं, उरेल तो खरा. फक्त सुरुवात कुठून करू तेवढं सांगा. वहिनींपासून करू?"

साहेबांनी वर बघितलं. पाचव्या मजल्याच्या गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वरून हात केला. साहेबांनीही केला.

आणि मग माणूस जो हसायला लागला ना! टेबलाला धरून, खोकला येईपर्यंत. अकरा वर्षांत मी काय, बिल्डिंगमधल्या कुणीच त्यांचे दात बघितले नव्हते.

"राहू द्या मावशी," डोळे पुसत म्हणाले. "मला दुपारी जेवायचंय."

तिथल्या तिथे पत्र लिहिलं, इस्त्रीच्या टेबलावरच ठेवून शिक्का मारला आणि वर घरून स्वतःचे चार शर्ट आणून इस्त्रीला टाकले.

आता तू सांग. साहेबांच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस? वहिनींना विचारलं असतंस?