कलिंगडाच्या वाडीतून ऐकलेली घंटा

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही जरा कान द्या. एका नदीकाठी एक गाव होतं. गाव गुणी, पण स्वतःवर भारीच खूश.

उन्हाळ्यात नदी आटली की काही कुटुंबं पात्रातल्या वाळूत झोपड्या घालून कलिंगडं लावत. पण कधीकधी इथे लख्ख ऊन असताना दूर डोंगरात पाऊस कोसळे आणि अचानक लोंढा येई. मग गावातला राखणदार घंटा बडवी आणि वाळूतली माणसं काठावर पळत.

एका वर्षी ती घंटा तडकली. लोंढा आला तेव्हा नुसतीच खडखडली. वाळूतली एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून कशीबशी बाहेर आली. झोपडी गेली, कलिंगडं गेली.

पाटलांनी नवी घंटा घ्यायचं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात तीन कारागीर आपापली घंटा घेऊन देवळाच्या मंडपात आले. पहिल्याची माणसाएवढी, त्याने ती जीव खाऊन वाजवली तशी पोरांनी कान झाकले. दुसऱ्याच्या घंटेवर मोर कोरलेले. तिसऱ्याची लहान, काळपट, जाड काठाची.

"मोठीच घ्या!" कोणी म्हणालं. "मोरांची घ्या, गावाला शोभा येईल!" दुसरं कोणी ओरडलं. झालं, जुंपली!

तेव्हा ती बाई पुढे आली. "पाटील, घंटेच्या पायाशी उभं राहून काय ऐकताय? इथं तर माझा तवासुद्धा मोठा वाजंल. घंटा माझ्या लेकराला ऐकू यायला हवी ना? मग माझ्या झोपडीपाशी उभं राहून ऐका."

पाटलांना ते एकदम पटलं. "खरं आहे, पोरी. आणि वाजवणारा हातही एकच हवा. जो तो आपल्या घंटेवर जास्तच जोर काढतोय."

मग गावातला पहिलवान लाकडी हातोडा घेऊन मंडपात थांबला आणि बाकी सगळं गाव भाकऱ्या बांधून वाळूत उतरलं. जत्राच भरली म्हणा ना! मोठी घंटा वाजली, पण नुसतीच घुमली. मोरांची वाजली तेव्हा पोरं ओरडत होती, "अहो, वाजवा की!" तिसरी बारीक, पण स्पष्ट ऐकू आली.

"ठरलं तर, तिसरी!" पाटील म्हणाले.

तेवढ्यात ठण् ठण् असा खणखणीत आवाज आला. लेकराच्या हातातली कलिंगडाची फोड खाली पडली. ती शेजारच्या गावाची दुपारची घंटा होती. ते गाव दुप्पट लांब, आणि आवाज मात्र दुप्पट मोठा! सगळ्यांची तोंडं उतरली. जत्रेत कोणाचे बैल पुढे, यावरून दोन्ही गावांत अबोला होता.

"त्या गावाचं नाव काढू नका!" एक म्हातारा गरजला.

"नाव नका काढू," बाई म्हणाली, "पण आवाज तर ऐकलात? मला तेवढा हवाय. यापेक्षा कमी आवाजावर मी लेकराला वाळूत निजवणार नाही."

पाटलांनी मिशीला पीळ दिला, मग स्वतःच तो सोडला. वाडीतलं सगळ्यात मोठं कलिंगड उचललं आणि तडक शेजारी गेले.

"वाट चुकलात की काय?" तिथल्या पाटलांनी दारातूनच विचारलं.

"चुकलोच होतो. तुमची घंटा एवढ्या लांब कशी पोचते, तेवढं सांगा."

समोरच्या पाटलांना हसू फुटलं. त्यांनी हात धरून नेऊन दाखवलं. घंटा लहानच होती, पण उघड्या टेकाडावर उंच खांबाला टांगलेली. "तुमचा मंडप तीन बाजूंनी बंद. आवाज बाहेर पडणार कसा?"

मग तिसरी घंटा आपल्या गावच्या टेकाडावर चढली. गाव पुन्हा वाळूत उतरलं, पहिलवानाने हातोडा मारला, आणि आवाज असा आला की बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे एका लख्ख दुपारी घंटा वाजू लागली. सगळे काठावर पळाले. बाई सर्वांत पुढे, खांद्यावर लेकरू आणि काखेत एक कलिंगडसुद्धा! लोंढा आला नि रिकाम्या वाळूवरून निघून गेला. घंटा ऐकून शेजारचं गावही मदतीला धावत आलं होतं. मग काय, दोन्ही गावांनी तेच कलिंगड वाटून खाल्लं आणि अबोला तिथेच संपला.

मोरांची घंटा पाटलीणबाईंनी विकत घेऊन देव्हाऱ्यापाशी टांगली. तिथे ती फार छान वाजते.

एवढंच ध्यानात ठेवा: निवडताना सगळ्यांना एकच कसोटी लावावी, गरज असेल तिथे उभं राहून लावावी, आणि आपल्याहून सरस असेल त्याच्याकडून शिकायला लाजू नये.