गोजराबाईचे तीन कच्चे डाव

पाय पांघरुणात घ्या बघू. घेतले? तर एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला गोजराबाई नावाची एक म्हातारी राहायची. तिच्याजवळ एकच शेळी होती, चांदणी. पूर्वी कळप होता, घरधनीही होता. रोज दिवेलागणीला दोघं सारीपाट खेळायची. तो मुद्दाम हरायचा. तिला ते कळायचं, बरं का, पण ती बोलायची नाही. तो गेला तेव्हा तिनं पट घडी करून पेटीत ठेवला. पुन्हा कधी काही खेळली नाही. संध्याकाळ झाली की तिला घर फार मोठं वाटायचं.

मग एके दिवशी तिन्हीसांजेला दारात वाघ आला. म्हातारा, खंगलेला, दात हलायला लागलेले. पण वाघच तो. म्हणाला, "म्हातारे, शेळी दे."

गोजराबाईची पाचावर धारण बसली. पण चांदणीला द्यायची कशी? ती म्हणाली, फुकट नाही मिळायची, खेळून जिंक. वाघालाही एकट्यानं राहून कंटाळा आला होता. त्यानं लगेच नखानं ओट्याच्या दगडावर वाघ-बकरीचा पट कोरला. एक खडा म्हणजे वाघ, मूठभर चिंचोके म्हणजे शेळ्या. वाघानं उड्या मारून शेळ्या खायच्या, शेळ्यांनी वाघाला कोंडायचं. झाला खेळ.

आता गोजराबाईला हा खेळ कुठे येत होता? पण तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "मी नवी आहे. नव्या गड्याला कच्चा लिंबू धरतात. माझे तीन डाव कच्चे, चौथा पक्का." तुम्ही धाकटीला धरता ना, हरली तरी बाद नाही, तसंच. वाघानं कबूल केलं.

मग पहिला डाव झाला. वाघानं चिंचोके गट्ट केले. का, सांगू? जन्मभर शेळ्या राखलेली बाई ती. प्रत्येक चिंचोक्याला तिनं नाव दिलं होतं. ही ढवळी, ही बांडी. वाघ ढवळीजवळ आला की ही तिला वाचवायला धावायची, आणि मागच्या दोघी उघड्या पडायच्या. दुसऱ्या दिवशीही तेच. अशी खेळलीस तर चांदणी गेलीच समज, असं वाघ म्हणाला खरा, पण म्हणताना त्याचाच आवाज बारीक झाला.

पण गंमत बघा. गोजराबाईला भीती होतीच, तरी तिला संध्याकाळची ओढ लागली. भाकरी थापताना ती पिठात रेघा ओढायची. कितीतरी वर्षांनी तिला उद्याची वाट बघावीशी वाटत होती. तिनं पेटी उघडली, सारीपाटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, मी नवा खेळ शिकतेय." मग थोडी रडली. मग थोडी हसली.

तिसऱ्या दिवशी ती हरली, पण थोडक्यात. तेव्हा तिला आठवलं, डोंगरावरून कळप आणताना आपण कधी एकीमागे धावलो नाही. सगळ्यांना अंगाला अंग लावून चालवायचो.

मग पक्का डाव आला. चांदणी खुंट्याला गप्प उभी. वाघ ढवळीजवळ आला. या वेळी गोजराबाई तिला वाचवायला धावली नाही. ढवळी गेली, तिचं वाईट वाटलं. बाकीच्या मात्र एकमेकींना धरून पुढे सरकत राहिल्या. आणि मग वाघाला हलायला जागाच उरली नाही.

"मुद्दाम हरलास?" तिनं विचारलं.

"नाही," वाघ म्हणाला.

शब्द म्हणजे शब्द. वाघ उठला आणि निघाला. शेपूट जमिनीवरून फरफटत होतं. चांदणी वाचली होती, तरी गोजराबाईला घर पुन्हा मोठं वाटायला लागलं. तिनं हाक मारली, "बस की. आता मी वाघ, तू शेळ्या."

वाघ थबकला. शेळ्यांकडून तो जन्मात खेळला नव्हता. परत येऊन ओट्यावर अंग चोरून बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, मला कच्चा लिंबू धराल?"

धरलं की तिनं. मग रोज डाव व्हायचा, आणि डाव झाला की वाघोबा चांदणीच्या दुधात भाकरी कुस्करून खायचा. चांदणी आधी लांब उभी राहायची, मग त्याच्या पाठीला टेकून रवंथ करायला लागली. तिघं सुखानं राहिली.

चला, डोळे मिटा आता. उद्या सकाळी तुमचा तो पटावरचा नवा खेळ मला शिकवा. आणि हो, माझे तीन डाव कच्चे.