कासारणीच्या मांजरीची आणि मोकळ्या कोपऱ्याची कहाणी

ऐक षष्ठीमाये, तुझी कहाणी. अक्षता घेतल्यात का गं सगळ्यांनी? खांबाला टेकलेल्या काकू, डोळे उघडा. झोपेत ऐकलेल्या कहाणीचं फळ शेजारणीला जातं, मग माझ्या नावानं ओरडू नका.

आटपाट नगर होतं. नगरात कासारआळी होती. आळीत धोंडशेट कासाराचं घर होतं, आणि त्या घरात काय नव्हतं ते विचारा. धोंडशेट आणि त्याचा लेक तट्टावर नवी भांडी लादून गावोगाव जात, विकत, आणि बदल्यात लोकांची जुनी, चेपलेली, फुटकी भांडी घरी आणत. ती भट्टीवर न्यावी, वितळवावी, हा कासाराचा रिवाज. पण कासारीण बयजाबाई भांडं हातात घेई, बोटानं टिचकी मारी, कान देऊन ऐके आणि म्हणे, "असू दे. लागेल कधीतरी."

बूड गेलेला हंडा आला. "असू दे." तोटी तुटलेली झारी आली. "असू दे." मधोमध भोक पडलेली परात आली. "असू दे गं, शेवया गाळायला होईल." हसताय काय? यमूताई, तुमच्या माळ्यावरचं मी बघितलंय. मी काही बोलत नाही. षष्ठीमाय बघून घेईल.

असा पसारा वाढला. मग वाटेल, केर तरी काढत असेल. तर त्याचीही एक गंमत होती. घरचं माणूस बाहेर पडलं की त्याच्या पाठीमागे केर काढू नये, हे तुम्हां आम्हां सगळ्यांना ठाऊक. मागे झाडू फिरला की माणूस परत येत नाही म्हणतात. म्हणजे दोन घटका थांबावं, मग काढावा, एवढंच. पण बयजाबाईनं ते घट्ट धरलं. दोघे पुरुष परत घरात येईपर्यंत झाडूला हात लावायचा नाही! आता दोघे निघत उजाडता, आणि येत दिवेलागणीला. दिवेलागणीला लक्ष्मी घरात येते, तेव्हा केर काढायचा नाही. बाजार नसेल तो वार शुक्रवार, दोघे दिवसभर घरी, पण तो लक्ष्मीचाच वार. मग केर काढायचा कधी? तुम्हीच सांगा. कासारणीलाही सापडलं नाही, म्हणून तिनं काढलाच नाही.

त्या घरात वेणू नावाची सून होती. वेणूनं माहेराहून एक मांजर आणली होती. राखी रंगाची, डोळ्यांना काजळ घातल्यासारख्या रेघा, म्हणून नाव काजळी. आली तेव्हा चुलीपाशी पाय पसरून निजायची. मग चुलीपाशी तपेली आली. मग खिडकीत बसायची. खिडकीत समया आल्या. मग भिंतीवरच्या फळीवर चढायची. फळीवर पितळी डब्यांची रांग आली, काजळीची शेपटी लागली, डबा खाली आला, ठण्ण! काजळी जी पळाली ती रांजणामागे जाऊन बसली. येईना, जाईना. नुसते दोन डोळे दिसत. घरात कुणी पेला ठेवला तरी तिचे कान मागे जात.

वेणू म्हणाली, "आत्याबाई, हिला बसायला जागा नाही हो. जिथं जाईल तिथं काहीतरी अंगावर पडतं."

बयजाबाई म्हणाली, "जागा नाही काय? एवढं भरलेलं घर! हिला दृष्ट लागलीय."

मग शेजारीण आली. मीठमोहऱ्या घेतल्या, दृष्ट काढली. आता दृष्टीच्या मीठमोहऱ्या चुलीत टाकायच्या असतात. बयजाबाईनं त्या पुरचुंडीत बांधल्या आणि खुंटीला लावल्या. "असू दे. परत लागली तर?"

मग काजळी पोटाचे केस चाटू लागली. चाटून चाटून पोट गुलाबी केलं. वैद्य आले, दारात उभे राहिले, कारण आत पाय ठेवायला वाट नव्हती. लांबूनच बघून म्हणाले, "हिचं मन स्वस्थ नाही." मुळ्यांचं गाठोडं दिलं. तेही खुंटीला लागलं.

मग काजळीनं बयजाबाईच्या अंथरुणावर मुतून ठेवलं. तेव्हा मात्र बयजाबाईनं घर डोक्यावर घेतलं. "भूत आहे हिच्यात, भूत!" देवऋषी आला. लिंबू दिलं, काळी बाहुली दिली, बिब्बा दिला. सगळं खुंटीला. मग खुंटी निघाली, पुरचुंड्या खाली, बाहुली खाली, बिब्बा देवऋषीच्या डोक्यात. तो पुन्हा आला नाही.

भूत नव्हतं. काजळी गाभण होती. पिल्लं कुठं घालावीत हे तिला कळत नव्हतं.

मग दिवस भरले. श्रावण महिना आला. एका उलट्या घंगाळाआड काजळीनं तीन पिल्लं घातली. एक राखी, एक काळं, एक ठिपक्याचं. बयजाबाईनं घंगाळ उचललं, वेणूनं हात धरला, पण आवाज झालाच. काजळीनं पिल्लं मानेला धरली आणि गोधड्यांच्या ढिगावर नेली. ढीग घसरला. मग जात्यामागे नेली. जात्यामागे उंदीर होते, इतके माजलेले की मांजर बघूनही हलेनात. मग तिनं शेवटी मोठ्या उतरंडीमागचा कोपरा धरला. उतरंड कसली, जमिनीपासून आढ्यापर्यंत फुटक्या हंड्यांची चळत! एकावर एक, एकावर एक, आणि वर परात.

ती श्रावण शुद्ध षष्ठी. सकाळी धोंडशेट आणि लेक नदीपल्याडच्या बाजाराला निघाले. नदीला पाणी चढलं होतं. बयजाबाई दारात उभी राहिली, त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग आत वळली. पदर अडकला. अडकला तो उतरंडीच्या हंड्याच्या कानाला.

काय सांगू बायांनो, असा आवाज झाला की आळीतली कुत्री गप्प झाली. उतरंड खाली आली. काजळी धुरळ्यातून निघाली, तोंडात राखी पिल्लू. ते अंगणात ठेवलं, परत गेली, काळं आणलं. परत गेली. या बाजूनं गेली, वाट नाही. त्या बाजूनं गेली, वाट नाही. वरून चढली, हंडा हलला, उडी मारून खाली आली. मग ढिगाला फेऱ्या घालू लागली आणि ओरडू लागली. आतून ठिपक्याचं पिल्लू उत्तर देई. बारीक, सुईच्या टोकाएवढं.

वेणूनं पदर खोचला. "आत्याबाई, धरा. हे सगळं अंगणात काढूया."

"अगं थांब! दोघे पुरुष नदीवर. आता घरातलं बाहेर काढायचं? मागं केर काढायचा?"

"पिल्लू मरेल आत्याबाई."

"आणि तुझा नवरा?"

वेणूचे हात खाली आले. तीही नवी नवरीच. नदीचं पाणी तिनंही सकाळी बघितलं होतं. दोघी ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. काजळी एकदा हिच्या पायाला घासे, एकदा तिच्या.

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, पायांना चिखल. म्हणाली, "बायांनो, लांबून चालत आले. माझं वाहन बाळंत झालंय, म्हणून पायी. बसायला जागा द्या."

बयजाबाई म्हणाली, "आजी, जागा कुठाय? बघता ना."

"एवढं मोठं घर, आणि म्हातारीच्या बुडाएवढी जागा नाही?"

"काढली असती हो, पण घरधनी बाहेर गेलेत. पाठीमागे केर कसा काढू? त्यांना काही होणार नाही ना, आजी?"

म्हातारी उंबऱ्याबाहेर टेकली. "मी काय सांगू? मी भिकारीण. नदी मला विचारून चढत नाही. तू तुझं ठरव. पण लवकर ठरव. आतला आवाज बारीक होतोय."

पिल्लू एकदा बोललं. मग बराच वेळ बोललं नाही. मग एकदा, अगदी हळू.

बयजाबाईनं पहिला हंडा उचलला. अंगणात ठेवला आणि म्हणाली, "षष्ठीमाये, फुटका हंडा घे, माझं कुंकू राख." दुसरा उचलला. "चेपलेली कळशी घे, माझा लेक राख." तिसरी झारी. "ही बिनतोटीची घे, सुनेचं कुंकू राख." मग मोजदाद राहिली नाही. सासू काढी, सून नेई. हंडे गेले, डबे गेले, गोधड्या गेल्या, मुळ्यांचं गाठोडं गेलं. भोकाची परात हातात आली तेव्हा बयजाबाई क्षणभर थांबली.

"आत्याबाई!"

"टाकते गं, टाकते."

सगळ्यांत खाली, एका आडव्या कळशीच्या तोंडात, ठिपक्याचं पिल्लू होतं. धुळीनं माखलेलं, थंड. वेणूनं पदरात घेतलं, चोळलं, नाकावर फुंकर घातली. हलेना. परत चोळलं. हलेना. काजळीनं मान वर करून वेणूच्या मांडीवर पाय ठेवले आणि पिल्लाला एकदा चाटलं, असं जोरात की पिल्लू उलटं झालं. आणि शिंकलं.

मग बयजाबाईनं झाडू घेतला. आता निम्मं पाप झालंच होतं, उरलेलं कशाला ठेवायचं? केर काढला, कोपरा सारवला, सुकल्यावर मऊ लुगड्याची घडी घातली. काजळी आली, वास घेतला, तिन्ही पिल्लं आणली आणि आडवी झाली. किती दिवसांनी पाय पसरले तिनं! घुरघुर अशी चालली की जात्यावर कुणी बसलंय असं वाटावं. म्हातारी आत येऊन भिंतीशी टेकली.

मग तिसरा प्रहर झाला. मग ऊन कललं. मग दिवा लावला. आळीतली माणसं बाजारातून परतली. हे आले, ते आले. धोंडशेट आला नाही. लेक आला नाही.

वेणू एकाला विचारून आली. "नदीच्या उतारापाशी दिसले होते म्हणतात. पुढचं ठाऊक नाही."

बयजाबाई म्हणाली, "मी केर नाही काढला गं. माझ्या घरची माणसं झाडून टाकली." मग अंगणात गेली, केराची पाटी उचलली, वर ती भोकाची परात ठेवली आणि उंबऱ्याकडे धावली. "परत आत टाकते! होतं तसं करते!"

वेणू दारात आडवी उभी राहिली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण ती हलेना. "नको आत्याबाई. आत पिल्लं आहेत."

"बाजूला हो!"

आत काजळीनं कान मागे घेतले, पिल्लाची मान तोंडात धरली आणि उठून उभी राहिली.

म्हातारी म्हणाली, "टाक की. पण मग हिनं आता कुठं जायचं तेही सांग."

बयजाबाई पाटी घेऊन उंबऱ्यात उभी. आत टाकवेना, बाहेर ठेववेना. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी तट्टाच्या टापा वाजल्या, आणि काळोखातून दमलेला, रडवेला झालेला आवाज आला:

"अहो बाई, इथं धोंडशेट कासाराचं घर कुठं आहे हो?"

बयजाबाईच्या हातून पाटी पडली. "अहो, हेच की! तुम्हीच की धोंडशेट!"

धोंडशेट पुढे आला. दारातून आत बघितलं, परत बाहेर बघितलं. मागून लेक म्हणाला, "बाबा, मी म्हणत नव्हतो का? तीन वेळा इथूनच पुढे गेलो आपण."

"अरे, पण दारातून भिंत दिसत होती! आपल्या घराला आतून भिंत आहे हे मला काय ठाऊक?"

बयजाबाई रडता रडता हसू लागली, वेणू हसता हसता रडू लागली. म्हातारीनं कमर ताठ केली आणि तिचं खरं रूप दिसलं. हिरवं लुगडं, मळवट भरलेला, पायाशी काजळी. षष्ठीमाय म्हणाली, "बयजे, ही मांजर माझं वाहन, ते तुझ्या घरात घाबरून राहिलं, म्हणून मला पायी यावं लागलं. आता वसा घे. दर शुद्ध षष्ठीला एक कोपरा मोकळा करावा, सारवावा, मऊ घडी घालावी. तिथं काही ठेवू नये, कुणी ओरडू नये, भांडं आपटू नये. मांजर बसली तर बसू द्यावी, न बसली तर ओढून आणू नये. उद्यापनाला चांगली भांडी गरजवंताला द्यावी, फुटकी भट्टीवर न्यावी, शेजारणीच्या परसात ढकलू नयेत." एवढं बोलून ती दिसेनाशी झाली. काजळी आपल्या पिल्लांपाशी जाऊन निजली.

बयजाबाईनं वसा घेतला, मनोभावे पाळला, टाकला नाही. तिच्या मांजरीचा जीव जसा स्वस्थ झाला, चुकलेली माणसं जशी दारी आली, तसा तुम्हां आम्हां सगळ्यांच्या घरच्या मुक्या जिवांना विसावा मिळो, बाहेर गेलेली माणसं दिवा लागता घरी येवोत, आणि घर त्यांना ओळखू येवो. साठां गाठोड्यांची ही कहाणी पांचा गाठोड्यांत आवरली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. टाका अक्षता. देवीवर टाका, माझ्यावर नको.