घंटेची घोडी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी घोड्यांवरून मोठे भांडण लागले. घोडे एका व्यापाऱ्याचे, कुरणही त्याचेच. पण कुरणाच्या कडेने जाणारी पायवाट साऱ्या गावाची. त्या वाटेने लोक बाजाराला जात, बायका नदीवर जात, आणि पलीकडच्या मठातल्या वृद्ध आचार्यांचे चार शब्द ऐकायला म्हातारीकोतारीही काठी टेकत जात. कुरणाला कुंपण असे नव्हतेच. घोडे वाटेवर येत, माणसांना अडवत, उधळत. आणि त्यांतली कवडी नावाची पांढऱ्या ठिपक्यांची घोडी तर दात विचकून थेट अंगावर येई.

मुळात हे घोडे नाठाळ नव्हते. एके काळी याच पायवाटेने त्यांचा तांडा चालत असे. कोकणातले मीठ ते घाट चढवून वर नेत आणि वरचा गूळ खाली आणीत. काय दिवस होते ते! पहाटे घाटात कवडीच्या गळ्यातली घंटा वाजू लागली की गावातल्या चुली पेटत. ओलसर गोण्यांचा खारट वास वाटेभर रेंगाळे. पोरेबाळे दारात येऊन उभी राहत, आणि तांडा वळणाआड गेला तरी झाडीतून घंटेचा नाद कितीतरी वेळ येत राही. माणसाला तेव्हा घड्याळाची गरज पडत नसे.

मग घाटातून सडक झाली, मालाला मोटारी मिळाल्या आणि तांडा बंद पडला. व्यापारी मनाने भला होता. त्याने घोडे विकले नाहीत. पाठीवरची खोगिरे उतरवली, कवडीची घंटा काढून घेतली, आणि ‘फार राबलात, आता आराम करा’ म्हणून सगळ्यांना हिरव्यागार कुरणात सोडून दिले. हा आराम कोणत्या गुन्ह्याबद्दल मिळाला, हे त्या मुक्या जिवांना कोणी सांगितले नाही.

आचार्यांच्या मठात एक तरुण शिष्य होता. तांड्याच्या पुढे चालणारे रावजी हे त्याचे वडील. लहानपणी दोन गोण्यांच्या बेचक्यात बसून तो कवडीच्या पाठीवर डुलक्या घेत घाट चढला होता. तांडा मोडला तेव्हा वडिलांच्या हातातला चाबूक खुंटीला टांगत तोच प्रेमाने म्हणाला होता, “आबा, आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसून खायचं.” तेव्हापासून रावजी ओसरीवर बसले ते बसलेच, आणि बसल्या जागेवरून घराला सळो की पळो करून सोडू लागले. भाकरी जाड का, दार उघडे का, कोण हसले, का हसले! आई निमूट ऐकून घेई. मुलाला ते सोसवेना. ज्ञानाची ओढ तर त्याला होतीच, पण खरे सांगायचे तर त्या ओसरीला कंटाळूनच तो मठात येऊन राहिला होता. घर हाकेच्या अंतरावर असून कित्येक महिन्यांत त्याने उंबरठा ओलांडला नव्हता.

एके दिवशी बाजाराहून गाठोडे घेऊन परतणाऱ्या एका म्हातारीला कवडीने ढुशी दिली. म्हातारी पडली, तिचे मनगट मोडले. गाव खवळला. येत्या बाजारी घोडी विकली नाही तर आम्हीच तिला घाटात हाकलून देऊ, असे लोकांनी व्यापाऱ्याला बजावले. उतारवयाच्या घोडीला कोण विकत घेतो आणि तिला मरेस्तोवर कसा राबवतो, हे सगळ्यांना ठाऊक होते.

व्यापारी आचार्यांकडे आला. “महाराज, मुसकं बांधून पाहिलं, पाय बांधून पाहिले. चाऱ्याला कधी कमी केलं नाही. तरी ही अशी का वागते?” शिष्य बाजूला उभा होता. लहानपणीचे त्याचे जे काही गोड होते, ते सारे त्या घोडीच्या पाठीवरचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य शिष्याला घेऊन कुरणातल्या एका खडकावर जाऊन बसले. ते वाटेकडे पाहत राहिले. रिकाम्या हातांनी माणसे गेली. कवडीने चरताना मानही वर केली नाही. मग डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक बाई आली. कवडी तरातरा पुढे झाली आणि वाटेवर आडवी उभी राहिली. बाई बगल देऊन पुढे निघाली, तशी घोडीने फुरफुरून तिच्या पदराला दात लावले. बाकीचे घोडे इकडून तिकडे, तिकडून इकडे सैरावैरा धावत होते. आरडाओरडा ऐकून गावकरी काठ्या घेऊन आले, व्यापारीही धावत आला.

आचार्य उठले. “शेटजी, हिची घंटा जपून ठेवली आहे ना? ती घेऊन या.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणालाच, “झालं! आम्ही म्हणतोय तोंड बांधा, आन् महाराज तिला दागिना घालायला निगालं!”

व्यापाऱ्याने घंटा आणली. आचार्यांनी ती शांतपणे कवडीच्या गळ्यात बांधली. कवडीने मान झटकली. घंटा वाजली. आणि कुरणभर पांगलेल्या घोड्यांनी एकदम माना वर केल्या. ते एकेक करून चालत आले आणि कवडीच्या मागे, आपापल्या जुन्या जागेवर, ओळीने उभे राहिले. काठ्या घेतलेले हात आपोआप खाली आले.

आचार्य म्हणाले, “ही घोडी कोणाला अडवत नव्हती. ओझे घेतलेल्याने घंटेच्या घोडीपुढे जायचे नाही, हा या वाटेचा नियम. पुढे दरड आहे की पाणी, हे आधी तिने पाहायचे, मग इतरांनी पाऊल टाकायचे. जन्मभर तिने हेच केले. ओझेवाला दिसला की ती त्याला आपल्या मागे घेऊ पाहत होती. शेटजी, तुम्ही तिच्या पाठीवरचा भार काढलात, ते योग्यच केले. पण त्याबरोबर तिचा मानही काढून घेतलात, आणि ते तुमच्या ध्यानातही आले नाही. ज्याचे काम सुटते आणि काळजी सुटत नाही, तो असाच वागतो. त्याला आपण नाठाळ म्हणतो.”

‘नुसतं बसून खायचं’ हे स्वतःचेच शब्द शिष्याला ऐकू येत होते.

“आता हिला पुन्हा वाटेने चालू द्या,” आचार्य म्हणाले, पण कवडी जागची हलेना. कान टवकारून ती वाटेकडे पाहत उभी होती. शिष्य पुढे झाला. जीभ टाळ्याला लावून त्याने टकटक केले, “चल कवडे, चल गं!” म्हणून हाकारले. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“तिला हा आवाज ठाऊक नाही,” आचार्य म्हणाले. शिष्याच्या तोंडाकडे मात्र त्यांनी पाहिले नाही. थोरांची ही एक रीत असते.

शिष्य खाली मान घालून घरी गेला. रावजी ओसरीवर होतेच.

“वाट चुकलास वाटतं?” ते म्हणाले.

“आबा, कवडी वाटेवर उभी हाय. माझ्यानं हलत नाही.”

“मग मी काय करू? मी बसून खाणारा मानूस.”

तो घाव बरोबर जागी बसला. शिष्य खालच्या पायरीवर टेकला. “ते मी बोललो, आबा. मला तवा कळलं नाही. ती चालली नाही तर म्हातारपणी तिला परक्याच्या हाती देतील. तुमच्याबिगर दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही.”

रावजींनी खुंटीवरच्या चाबकाकडे पाहिले. मग म्हणाले, “घंटा कुणी बांधली?”

“गुरुजींनी.”

“पट्टा सैल हाय का आवळ?”

“ते नाही बघितलं.”

“नाही बघितलं म्हणे! मानेला काचंल की तिच्या!” रावजी उठले. कोणाचा हात न धरता उठले. आतून आई दाराशी आली आणि तिने त्यांच्या हातात पागोटे दिले.

रावजींनी कवडीचा पट्टा एक भोक सैल केला, तिच्या कपाळावर थाप मारली आणि नुसते “हं” म्हणाले. घोडी चालू लागली. त्या मोळीवाल्या बाईची मोळी रावजींनीच उचलून घोडीच्या पाठीवर टाकली. सडक वरच्या वस्तीला वळसा घालून जात असल्यामुळे तिथल्या लोकांना आजही डोक्यावरूनच ओझी न्यावी लागत. ती न्यायला घोडे मिळाले, तेव्हा घोडी विकायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. मनगट मोडलेल्या म्हातारीचे दळण तर रावजी दर वेळी स्वतः चढवून देत.

त्या सकाळी शिष्य वडिलांच्या बरोबरीने पुढे चालू लागला होता. रावजींनी त्याला हटकले, “तू कुठं पुढं? मागं जा. शेवटच्या घोड्यामागं घरचा मानूस लागतो.”

शिष्याचे डोळे भरून आले. “जी, आबा,” म्हणून तो मागे गेला आणि ओळीच्या शेवटी आपली जागा धरून चालू लागला.